गालिच्यावर अडलेला रोबोट: ड्राइव्हच्या एका हिशेबाचा पंचनामा

ढकलाढकली सुरू झाली आणि तिसऱ्या-चौथ्या सेकंदाला आमच्या रोबोटला उचकी लागली. पुढे झेप, मग काहीच नाही, पुन्हा झेप, पुन्हा काहीच नाही. समोर दुसऱ्या संघाचा रोबोट शांतपणे उभा होता. चाकं जागेवर घसरून गुरगुरायला हवी होती. ती घसरतच नव्हती. ड्रायव्हर (दहावीतला, तोंडाने फटकळ) जॉयस्टिक पुढे दाबून ओरडत होता, "ताई, मी सोडलेलं नाहीये, तोच सोडतोय!"

जागा अंधेरीतली. शाळकरी मुलांच्या रोबोट स्पर्धेतल्या एका संघाने सरावासाठी हॉलभर गालिचा अंथरला होता आणि आम्हाला बोलावलं होतं. आमचा रोबोट तोवर परळच्या एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर, गुळगुळीत कोटा फरशीवर तीन आठवडे पळत होता. तिथे त्याने एकदाही कुरकुर केली नव्हती. त्यामुळे पहिला संशय गेला तो नेहमीच्या आरोपींवर: बॅटरीचं ढिलं टोक, बॅटरी जोडायचा अँडरसन कनेक्टर, चाळीस अँपिअरचे ब्रेकर. टोकं आवळली, बॅटरी बदलली. पुन्हा ढकललं, पुन्हा उचकी.

या प्रकरणात मोटर, वायर किंवा कोड यांपैकी काहीच बिघडलेलं नव्हतं. ड्राइव्हचं, म्हणजे रोबोट पळवणाऱ्या मोटर-गिअर-चाकांचं, गणित ज्या शीटवर केलं होतं, तिची आकडेमोडही चोख होती. मी स्वतः ती तपासून "चालेल" म्हटलं होतं, म्हणून हा पंचनामा मीच लिहिते आहे.

रोबोट आणि त्याची शीट

स्पर्धा म्हणजे फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन, एफआरसी. अमेरिकेत १९९२ पासून चालते. शाळकरी वयाची मुलं, अडीच मिनिटांचा सामना, साधारण १६.५ मीटर लांब आणि ८.२ मीटर रुंद गालिच्याचं मैदान, प्रत्येकी तीन रोबोटांच्या दोन आघाड्या. रोबोटला वीज मिळते ती १२ व्होल्ट, १८ अँपिअर-तासांच्या एकाच शिसे-आम्ल बॅटरीतून. ही एकुलती एक बॅटरी ध्यानात ठेवा, पुढे तिचंच राज्य आहे.

आमच्याकडे मागच्या वर्षांच्या सीआयएम मोटर होत्या. ब्रशवाल्या, जड, जुन्या वळणाच्या. ज्यांच्याकडे पैसे असतात ते आता ब्रशलेसवर गेले आहेत. पण सीआयएम दणकट असते आणि तिचे आकडे सगळ्यांना तोंडपाठ असतात: १२ व्होल्टला मोकळी फिरली तर मिनिटाला ५३३० फेरे, अडवून धरली तर २.४१ न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) आणि १३१ अँपिअर करंट, मोकळं फिरताना २.७ अँपिअर. ड्राइव्हसाठी अशा चार मोटर, बाजूला दोन-दोन. सहा इंची सहा चाकं, मधलं चाक तीन मिलिमीटर खाली, म्हणजे वळताना रोबोट मधल्या चाकांवर तोलला जातो. दोन टप्प्यांचा परदेशी गिअरबॉक्स, तिथून पुढच्या-मागच्या चाकांना साखळी.

ड्राइव्हचं गणित करायला तयार साधनं भरपूर आहेत. एफआरसीवाल्यांत जेव्हीएन नावाची एक्सेल शीट वर्षानुवर्षं हातोहात फिरते आहे. ब्राउझरमध्ये चालणारं रीकॅल्क आहे, त्यात पट्टे, साखळ्या, फ्लायव्हील, रोबोटचे हात, सगळ्यांचे वेगवेगळे हिशेब. आमच्या संघातल्या बारावीतल्या मुलीने असंच सगळं बघून स्वतःची शीट बांधली. तिला सगळे हिशेबनीस म्हणतात. मला ही गोष्ट फार आवडली होती आणि अजूनही आवडते, कारण दुसऱ्याच्या शीटमध्ये आकडा टाकून हिरवी चौकट बघणं वेगळं आणि चौकटीमागचं सूत्र स्वतः लिहिणं वेगळं.

तिने भरलेलं असं: वजन ४९ किलो. चाक आणि जमीन यांचा घर्षणांक १. गिअरबॉक्स आणि साखळीची कार्यक्षमता ९० टक्के. व्होल्टेज १२. रेशो ८.४५, म्हणजे मोटरच्या ८.४५ फेऱ्यांना चाकाचा एक फेरा.

उत्तर आलं: कमाल वेग सेकंदाला ५.०३ मीटर. प्रत्यक्षात इतका मिळत नाही, म्हणून जुन्या शीटांत ८१ टक्क्यांनी गुणायची प्रथा आहे. तसं केलं तर ४.०८. ढकलताना चाकं घसरतील तेव्हा प्रत्येक मोटरमागे ६७ अँपिअर. मोटर १३१ पर्यंत झेपावू शकते, म्हणजे मोटर थकण्याआधी चाक घसरेल. चौकट हिरवी. मुलं खूश, ड्रायव्हर तर पाच मीटरच्या आकड्यावर भाळलाच. मीही त्या हिरव्या चौकटीवर विसंबले.

साखळीची एक गंमत इथेच सांगून टाकते. मूळ डिझाइन २५ नंबरच्या साखळीवर होतं, कडीचं अंतर ६.३५ मिलिमीटर. दोन्हीकडे २२ दातांची स्प्रॉकेट (साखळीची दातेरी चक्रं), ९८ कड्या. शीटप्रमाणे दोन चाकांच्या केंद्रांमध्ये २४१.३ मिलिमीटर. साखळी कमी पडली म्हणून दोन मुलं मशीद स्टेशनला उतरून नागदेवी स्ट्रीटला गेली आणि "तीच आहे, घेऊन जा" असं ऐकून एक साखळी घेऊन आली. ती होती ०४बी, कडीचं अंतर ६ मिलिमीटर. हातात धरली तर डोळ्यांना फरक कळत नाही. स्प्रॉकेटवर चार-पाच दात नीट बसते आणि मग दातांच्या डोक्यावर चढते. तेव्हापासून दुकानात जाताना खिशात व्हर्निअर असतो आणि दहा कड्या एकदम मोजल्या जातात.

लॉग काय म्हणाला

अंधेरीहून परत येताना गाडीतच कोडवाल्याने लॉग उघडला. ड्रायव्हर स्टेशन (ड्रायव्हरच्या लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर) प्रत्येक क्षणाचं बॅटरीचं व्होल्टेज नोंदवतं आणि वीजवाटप करणारा बोर्ड प्रत्येक मोटरचा करंट सांगतो. ढकलाढकलीच्या वेळी चारही मोटर मिळून २९० अँपिअरच्या आसपास आणि व्होल्टेज ६.८ वरून ६.७ ला टेकत होतं.

रोबोरिओ २ हा रोबोटचा मेंदू. व्होल्टेज ६.७५ च्या खाली गेलं की तो स्वतःला वाचवण्यासाठी मोटरांचा पुरवठा तोडतो. पुरवठा तुटला की बॅटरी सावरते, मेंदू मोटर परत चालू करतो, त्या पुन्हा २९० अँपिअर ओढतात, पुन्हा तोडतो. हीच ती उचकी. इथे मोटर आणि बॅटरी यांच्यात रस्सीखेच चालली होती आणि मेंदू मधे पडून भांडण सोडवत होता.

पण हिशेबनीसच्या शीटमध्ये ६७ अँपिअर होते, चार मोटरांचे २६८. आणि चाकं घसरणार होती. ती का घसरली नाहीत?

तीन चौकटी

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही शीट प्रोजेक्टरवर लावली आणि प्रत्येक चौकटीला एकच प्रश्न विचारला: हा आकडा कुठून आला?

वजन ४९ किलो हे नियमपुस्तिकेकडे बघून आलेलं. स्पर्धेत रोबोट काट्यावर चढवतात तो बॅटरी आणि बंपर काढून, आणि आमच्या डोक्यात तोच आकडा बसलेला. मैदानावर मात्र बॅटरी सहा किलो आणि प्लायवूड-फोमचे बंपर सात किलो धरून ६२ किलो चाकांवर येतात. ही चूक कबूल करताना मला सगळ्यात जास्त लाज वाटली, कारण काट्यावर रोबोट चढवताना बंपर काढायला मीच सांगितलं होतं.

घर्षणांक १ हा "सगळे धरतात" म्हणून धरलेला. तो मोजायचा ठरला. चाकांच्या स्प्रॉकेटमध्ये लाकडी खुंट्या ठोकून चाकं जाम केली, रोबोटला दोर बांधला आणि दोराच्या मधे काटा. सामान मोजायचा हातकाटा पन्नास किलोला संपतो, तेवढ्याने भागणार नव्हतं. गल्लीतल्या भंगारवाल्याकडे शंभर किलोचा टांगता डायल काटा होता, तो त्याने अर्ध्या तासासाठी दिला. "पोरं नक्की काय तोलतायत" हे बघायला स्वतःही आला. कोटा फरशीवर रोबोट ४० किलोच्या ओढीला सरकला. म्हणजे घर्षणांक ४० भागिले ६२, ०.६५ च्या जवळ. मग अंधेरीच्या संघाकडून मागून आणलेला गालिच्याचा तुकडा खाली घातला. चार जण दोराला लोंबकळले तेव्हा कुठे काटा ६८ वर गेला आणि रोबोट हलला. घर्षणांक १.१.

(मांडववाल्याकडचा लाल गालिचाही करून बघितला, लग्नात पाहुण्यांच्या पायाखाली असतो तो. तो रोबोटबरोबर सगळाच सरकला. त्यातून काही सिद्ध झालं नाही, हसून मात्र घेतलं.)

तीन आठवडे काहीच का कळलं नाही, त्याचं उत्तर या दोन आकड्यांत होतं. फरशीवर चाकं लवकर घसरत होती. घसरलं की मोटरवरचा भार तिथेच थांबतो, त्यापुढे वाढत नाही. हिशेब केला तर फरशीवर ढकलताना मोटरमागे ५५ अँपिअर, चौघींचे २२२, व्होल्टेज सव्वाआठच्या खाली जात नाही. गुळगुळीत फरशीच आमच्या रोबोटचा फ्यूज होती.

तिसरी चौकट, व्होल्टेज १२. हे बॅटरीवर छापलेलं आहे. पण बॅटरीच्या आत रोध असतो, तारांना आणि कनेक्टरना असतो. लॉगमध्ये काहीच भार नसताना बॅटरी १२.७ दाखवत होती आणि १५० अँपिअर ओढताना ९.७. तीन व्होल्ट भागिले १५०, म्हणजे ०.०२ ओहम. बोटावर मोजण्याइतकासुद्धा नाही, पण शेकडो अँपिअर त्यातून गेले की अर्धं व्होल्टेज गिळतो.

आता तेच गणित गालिच्यावर:

६२ किलो × ९.८१ × १.१ म्हणजे ६६९ न्यूटन. चाकाची त्रिज्या ०.०७६२ मीटर, म्हणजे चाकांवर एकूण ५१ न्यूटन-मीटर. चार मोटरांत वाटा, ८.४५ ने आणि ०.९ ने भागा: मोटरमागे १.६८ न्यूटन-मीटर. सीआयएम दर अँपिअरला ०.०१८८ न्यूटन-मीटर देते, वर मोकळ्या फिरण्याचे २.७. एकूण ९२ अँपिअर.

थांबलेल्या मोटरमधून ९२ अँपिअर जायला तिच्या टोकांवर ८.४ व्होल्ट हवेत (तिचा रोध १२ भागिले १३१, म्हणजे ०.०९१६ ओहम). चार मोटरांचे ३६८ अँपिअर झाले की बॅटरीत आणि तारांत ७.३६ व्होल्ट जातात. उरतात ५.३. हवेत ८.४, आहेत ५.३. म्हणजे चाक घसरायला लागतो तेवढा करंट ही बॅटरी या मोटरांना देऊच शकत नाही. दोघांची तडजोड होते ती मोटरमागे ७४ अँपिअरवर, ६.८ व्होल्टला. लॉगमधले आकडे हेच.

म्हणून चाकं घसरली नाहीत. मोटर जागच्या जागी अडून राहिल्या आणि रोबोट ५३५ न्यूटनवर, म्हणजे ५४-५५ किलोच्या जोरावर, उंबरठ्यावर बसला. त्यात एखादी दुसरी मोटर चालू झाली की ६.७५ च्या खाली.

ड्रायव्हरने लगेच तोडगा काढला: दोन मोटर वाढवा. संघात हा तोडगा दर वर्षी कुणीतरी काढतंच. हिशेबनीसने तोवर बॅटरीच्या रोधाची चौकट शीटमध्ये घातली होती; मोटरांची संख्या सहा केली. जोर वीसेक टक्क्यांनी वाढला, करंट ३६० वर गेला आणि व्होल्टेज साडेपाचवर आलं. मेंदू त्याआधीच झोपला असता. ड्रायव्हर म्हणाला, "मग शीटच बदल."

वेगाचा मोह

उपाय उघड होता, रेशो वाढवायचा. गिअरबॉक्सचा पहिला टप्पा १४ आणि ५० दातांचा, तो तसाच राहतो. दुसऱ्या टप्प्यात १९ आणि ४५ दात होते. तिथे १६ आणि ४८ बसवले तर १०.७१, १४ आणि ५० बसवले तर १२.७५. (तिन्ही जोड्यांची बेरीज ६४ येते; म्हणूनच दोन अक्षांमधलं अंतर न बदलता त्या एकमेकींच्या जागी बसतात. पोरांना हे दाखवलं तेव्हा दोघा-तिघांनी पटकन ४० आणि २४ ची जोडी शोधून काढली. तीही मिळते, पण ५.९५ रेशो घेऊन आम्ही काय करणार?)

पण १२.७५ म्हटलं की कमाल वेग ५.०३ वरून ३.३४. "बैलगाडी," ड्रायव्हर म्हणाला. संघात दोन तट पडले आणि पाऊण तास नुसता आवाज होता.

इथे मी एक गोष्ट केली, तेवढं श्रेय मी घेते. मी म्हटलं, कमाल वेगाची चौकट झाका. आधीच्या सामन्यांचे व्हिडिओ काढा आणि ड्रायव्हर एका दमात किती अंतर जातो ते मोजा. बहुतेक धावा तीन ते पाच मीटरच्या निघाल्या. मग शीटला नवा प्रश्न विचारला: थांबलेल्या स्थितीतून ४ मीटर जायला किती वेळ? बॅटरीचं बसणारं व्होल्टेज, चाकांची पकड, ३० न्यूटनचा विरोध आणि फिरणाऱ्या भागांचं जडत्व मिळून ६६ किलो, सगळं धरून.

८.४५ ला १.३८ सेकंद. १०.७१ ला १.४१. १२.७५ ला १.४९.

खोलीत शांतता झाली. कागदावर सेकंदाला पावणेदोन मीटरचा फरक, चार मीटरच्या धावेत एक दशांश सेकंदाचा. दोन मीटरच्या धावेत तर १०.७१ ही ८.४५ च्या पुढे जाते, कारण जोर जास्त असलेली गाडी लवकर सुटते आणि ८.४५ वाल्या रोबोटला त्याचा पाच मीटरचा वेग गाठायला मैदानच पुरत नाही. लांब धावेत मात्र वेगवान रेशो जिंकतो: दहा मीटरला २.६७, २.९४ आणि ३.२८. ड्रायव्हरने हा शेवटचा आकडा लगेच उचलून धरला आणि त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. मैदानाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायची वेळ सामन्यात दोन-तीनदा येते. १२.७५ तिथे अर्ध्या सेकंदाहून जास्त मागे पडत होती. म्हणून मधली, १०.७१.

पण मधलीतही धोका होता. गालिच्यावर तिला चाक घसरवायला ७३ अँपिअर लागतात, मोटरला ६.७ व्होल्ट हवेत आणि बॅटरी त्या क्षणी ६.८५ देते. पास झालो म्हणायचं, पण काठावर. सामना अर्धा संपला की बॅटरी तेवढीही देणार नाही.

पासष्ट दात

दुसरी अडचण साधी, मुंबईतल्या कुठल्याही संघाला ठाऊक असलेली. १६-४८ ची जोडी परदेशातून मागवायची तर कस्टमसकट येईपर्यंत स्पर्धा संपलेली असते. मग साकीनाक्याच्या एका गाळ्यात गेलो. तिथले काका साताऱ्याकडचे, गिअर कापण्यात उभी हयात गेलेली.

आमचे गिअर २० डीपीचे, म्हणजे दर इंच व्यासाला २० दात. मॉड्यूलमध्ये (दर दाताला किती मिलिमीटर व्यास) तो आकडा २५.४ भागिले २०, म्हणजे १.२७ येतो. काकांच्या कपाटात कटर होते १.२५ चे. "सव्वाचाच लावतो, काय फरक पडतोय," त्यांचा पोऱ्या म्हणाला. काकांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं.

फरक पडतो. १.२७ मॉड्यूलमध्ये ६४ दातांना दोन अक्षांमधलं अंतर ४०.६४ मिलिमीटर. १.२५ मध्ये ६४ दातांना बरोबर ४०. आमच्या गिअरबॉक्सची भोकं ४०.६४ वर पाडलेली. ०.६४ मिलिमीटरची फट, आणि दाताची अख्खी उंची जेमतेम २.८. दात अर्धवट गुंतणार आणि पहिल्या धक्क्याला तुटणार.

हिशेबनीस लॅपटॉप मांडीवर घेऊन स्टुलावर बसली होती. तिने दातांची बेरीज ६५ केली. ६५ भागिले २ गुणिले १.२५: ४०.६२५. अपेक्षित ४०.६४. फरक ०.०१५ मिलिमीटर, केसाच्या जाडीपेक्षाही कमी. ती काही बोलली नाही, लॅपटॉप फिरवून काकांसमोर धरला.

काकांनी चष्मा वर केला. "दोन्ही नवे कापायचे, म्हणजे कोन वीस डिग्री घेतला तरी चालेल. जुन्याशी जोडायचा नाही ना एकही?"

"नाही काका, जोडीच नवी."

"मग सोळाला एकोणपन्नास. पण सोळा दाताला कटर बुडाशी खातो. सतराच्या खाली गेलं की खाणारच. सतरा-अठ्ठेचाळीस घे की, बेरीज तीच."

हे आमच्या शीटमध्ये नव्हतं. दाताच्या बाजूचा कोन २० अंशाचा असताना सतरापेक्षा कमी दात असले तर कटरचं टोक दाताच्या मुळाशी थोडं जास्त कापतं आणि दात कंबरेत बारीक होतो. १७-४८ घेतली तर रेशो १०.०८, १६-४९ घेतली तर १०.९४. जोराची तक्रार घेऊन आलेल्यांना १०.९४ हवा होता. काका म्हणाले, एकच दात कमी आहे, फार खाणार नाही. पण मग एन-२४ पोलादात कर आणि कडक करून घे, साध्या लोखंडात नको. भोक आणि चावीचा गाळा जुन्या गिअरवरून मोजून दिला. दोन गिअरबॉक्सच्या दोन जोड्या आणि एक जादा जोडी.

लगाम

गिअर कापून येईपर्यंत काठावरच्या व्होल्टेजचा बंदोबस्त करायचा होता, आणि इथे कोडवाल्याने जे केलं त्याचं मला खरंच कौतुक वाटतं.

मोटर कंट्रोलर व्होल्टेज अर्धं करून देतो तेव्हा मोटरमधला करंट आणि बॅटरीकडून येणारा करंट एक नसतात. ढोबळमानाने, बॅटरीचा करंट म्हणजे मोटरचा करंट गुणिले कंट्रोलर जितका उघडा आहे तो अंश. कंट्रोलर पूर्ण उघडा असेल तर दोन्ही सारखे. आमचं तसंच होतं आणि म्हणून बॅटरीचा जीव जात होता. अडलेल्या मोटरला ६० अँपिअर द्यायला साडेपाच व्होल्ट पुरतात. बॅटरी दहा व्होल्टवर असेल तर कंट्रोलर ५५ टक्केच उघडा हवा, आणि बॅटरीकडून जातात मोटरमागे फक्त ३३ अँपिअर.

म्हणून कोडमध्ये मर्यादा लिहिली: बॅटरीकडून मोटरमागे ३५ अँपिअर. पण सरसकट लावली असती तर सुरुवातीची झेप मेली असती. म्हणून अर्ध्या सेकंदाची सूट. तेवढ्यात रोबोटने वेग धरलेला असतो आणि करंट आपणच उतरलेला असतो. अर्ध्या सेकंदानंतरही उतरला नाही, म्हणजे समोर कुणीतरी अडून उभं आहे, मग लगाम. शिवाय शून्यावरून पूर्ण उघडायला पाव सेकंदाचा चढ, म्हणजे पहिल्याच क्षणी व्होल्टेज कोसळत नाही.

शीटमध्ये हे घातलं तेव्हा आलेले आकडे मी दोनदा तपासले (या वेळी खरंच तपासले). १०.९४ रेशो आणि ३५ ची मर्यादा: मोटरमध्ये ६१ अँपिअर, जोर ५७१ न्यूटन म्हणजे ५८ किलो, बॅटरीवर १४० अँपिअर, व्होल्टेज ९.९. आधी ५४-५५ किलोच्या जोरासाठी २९६ अँपिअर ओढत होतो आणि तोही उचक्या देत. आता जोर जास्त, करंट निम्म्याहून कमी, आणि ४० अँपिअरचे ब्रेकर थंड.

पुन्हा अंधेरी

जोड्या बसवल्या. पहिल्या दिवशी गिअरबॉक्समधून बारीक किणकिण येत होती, ग्रीस घालून दोन तास फिरवल्यावर बसली. भंगारवाल्याचा काटा पुन्हा आणला: गालिच्यावर भिंतीला बांधून ओढलं तर ५३ किलो. शीट ५८ म्हणत होती. पाच किलो कुठेतरी साखळीत आणि बेअरिंगमध्ये जातात, म्हणजे ९० टक्के कार्यक्षमता हा आमचा आशावाद होता. आता त्या चौकटीत ८२ लिहिलं आहे. ४ मीटरची धाव मोबाइलच्या स्लो मोशनवर १.५ सेकंद. ढकलताना व्होल्टेज ९.८.

बॅटऱ्यांचाही हिशेब लागला. तीन बॅटऱ्यांचे रोध मोजून पांढऱ्या चिकटपट्टीवर लिहिले: ०.०१९, ०.०२१ आणि ०.०३४. तिसरी, जी सगळ्यांची लाडकी होती कारण तिचा हँडल चांगला आहे, ती आता फक्त कोड तपासायला.

अंधेरीच्या गालिच्यावर त्याच रोबोटशी पुन्हा गाठ पडली. या वेळी दोघंही जागचे हलले नाहीत, वीस सेकंद नुसते एकमेकांना रेटत उभे. आमच्याकडून उचकी नाही. ड्रायव्हरने शेवटी स्वतःच मागे घेतलं आणि बाजूने वळून गेला. तसं जायला त्याला आधीही कुणी अडवलं नव्हतं, पण ते राहू दे.

वळण्याचं मात्र अजून सुटलेलं नाही. जागच्या जागी वळताना गालिच्यावर कडेची चाकं आडवी घासटतात आणि लॉगमध्ये मोटरमागे ४५ अँपिअरपर्यंत करंट दिसतो, अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वेळ. म्हणजे लगाम तिथेही लागतो आणि वळण मधेच मंदावतं. मधलं चाक तीनऐवजी चार मिलिमीटर खाली घेतलं तर किती उतरेल, हे सांगणारी चौकट आमच्या शीटमध्ये नाही. हिशेबनीसने एक रकाना उघडून ठेवला आहे. येत्या रविवारी चाकाखाली पत्र्याच्या पट्ट्या घालून मोजणार आहोत, भंगारवाल्याला काटा सांगून ठेवला आहे.